कान

शेवंतीने सशाच्या पाठीमागे उभं राहून थाळीवर पळी हाणली. ससा हलला नाही. तिने पुन्हा हाणली. तो चटईवर तसाच बसून राहिला, दोन्ही कान गालांवरून खाली लोंबत, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे.

"ठार बहिरा आहे मेला," ती म्हणाली.

"हळू ना आई, आनंदा उठेल," शकू म्हणाली.

"तो नाही उठायचा. तो गुणी आहे. तुझ्यासारखा नाही, नि ह्या तुझ्या गोट्यासारखा तर नाहीच नाही."

खोलीत टांगलेल्या झोळीत सहा महिन्यांचा आनंदा खरंच निजून होता.

गोट्याला पिल्लू असताना शेवंतीच्या नवऱ्याने, गणपतने, आणलं होतं. गिरणीतला एक साहेब बंगला आवरून विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या माळ्याने शकूसाठी म्हणून हातावर ठेवलं. साध्या सशाचे कान उभे असतात, एवढं लालबागच्या चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ह्याचे पडलेले. गणपत म्हणाला, साहेबाकडे सगळे असेच होते. त्याचं कोण ऐकतो? चाळीने ठरवलं, पिल्लाचे कान दुखतायत. मग शेवंतीच्या सासूने लसूण घालून तेल कोमट केलं. शकूने पिल्लाला मांडीवर धरलं, शेवंतीने कापसाचा बोळा फिरवला, आणि पिल्लाने शेवंतीला ओरबाडलं. दुसऱ्या दिवशी ओव्याची धुरी झाली. त्यात सगळ्यांना ठसका लागला, पिल्लू शिंकलं, कान होते तिथेच राहिले.

"ल्हान हा गो तो," सासू म्हणायची. "पोर मान धरता ना, तसो ह्यो कान धरतलो."

शेवंतीला धीर उरला नव्हता. पिल्लाने केरसुणीचा शेंडा खाल्ला. चटईचा काठ खाल्ला. झोळीची दोरी कुरतडायला घेतली तेव्हा तिने लाटणं फेकून मारलं, ते नेमकं पाण्याच्या हंड्यावर बसलं. मोर्च्यासाठी गणपतने रात्र जागून कागदावर घोषणा रंगवली होती. सकाळी तिच्यातलं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच' एवढंच उरलं होतं. गणपत पोट धरून हसला. लूमच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस, तो घरातही ओरडूनच बोले आणि ओरडूनच हसे. शेवंतीने झोळीकडे बोट दाखवलं. पण आनंदा कधी उठायचा नाही. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, अख्खी चाळ जागी व्हायची, तो आपला झोपलेला. सासू त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडायची. "गिरणीवाल्याचो झील तो! भोंग्याक नाय भियाचो."

आणि आता हरताळ. बाजार बंद, पाला नाही. शकू मैदानातून हरळी उपटून आणायची, तर बाहेर पोलीस. गोट्याला कोथिंबिरीचे देठ चालत, पण कोथिंबीर कुठली? त्याला कालपासून ढाळ लागली होती. शेवंती एका हाताने आनंदाचे लंगोट धुवायची, दुसऱ्या हाताने फरशी पुसायची.

"ह्याचं आज काय ते ठरवते," ती सकाळी म्हणाली होती. "बहिरा निघाला तर खाली रामजी भावोजींकडे द्यायचा. आजारी जनावर मी नाही सांभाळणार. माझं एक पोर अंगावर पितंय."

रामजी जिन्यात भेटला की विचारायचा, "वैनी, कधी देताय? टोप घासून ठेवलाय." तो गंमत करत नव्हता. कोकणात त्याने ससे पुष्कळ खाल्ले होते.

म्हणून थाळी. आणि थाळीचा निकाल लागला होता.

शकू रडली नाही. तिने गोट्याला उचललं, त्याचे कान दोन्ही हातांनी वर धरले आणि त्यात काहीतरी पुटपुटली. हात सोडले, कान पुन्हा पडले. शेवंतीने तिकडे पाहायचं टाळलं. "ने खाली," ती म्हणाली. "नेतेस की मी नेऊ?"

तेवढ्यात नाक्यावर धाडकन आवाज झाला. अश्रुधुराचं नळकांडं. लगेच दुसरं, तिसरं. खिडकीचं तावदान थरारलं. गोट्या शकूच्या हातांतून उसळला, खाटेखाली घुसला आणि मागचे पाय जमिनीवर आपटू लागला. धप. धप. धप.

"ऐकलं! आई, ऐकलं त्याने!" शकू नाचायला लागली. "मघाशी तो भिऊन गप्प बसला होता!"

शेवंती खिडकीचा कडी-कोयंडा लावता लावता हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "जा, भावोजींना सांग, टोप रिकामाच ठेवा म्हणावं."

खालच्या मजल्यावर कौसल्येची पोरं भोकाड पसरून रडत होती. शेजारी कुणाचं तान्हं किंचाळत होतं. अख्ख्या चाळीत लेकरं रडत होती. शेवंतीने झोळीत वाकून पाहिलं.

आनंदा जागा होता. पायाचा अंगठा तोंडात घालून निवांत चोखत होता. चौथं नळकांडं फुटलं. त्याने पापणीही हलवली नाही. मग त्याला आईचा चेहरा दिसला आणि तो बोळकं पसरून हसला.

"बघ गो," सासू कौतुकाने म्हणाली. "हललोसुदा नाय."

शेवंती झोळीवरून सरळ झाली. तिने थाळी उचलली, पळी उचलली आणि त्याला दिसणार नाही अशी झोळीच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

"आता कशाला गं आई?" शकू म्हणाली. "त्याला येतं ना ऐकू!"

शेवंतीचा हात वर गेला होता, तो खाली येईना.