उजव्या पायाचा अंगठा

युरिक अ‍ॅसिडने उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा टरारला होता. बर्फ लावून झाला, पाय उशीवर ठेवून झाला, गोळ्याही झाल्या, तरी चादरीचं टोक लागलं की शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला ब्रह्मांड आठवायचं. आज मात्र त्याने दात आवळत बूट चढवलाच. “अजून घरी बसलो तर दुसरा ड्रायव्हर ठेवतील. मग खायचं काय, दगड?” तो बायकोवर खेकसला. खुर्चीसमोर फतकल मारून तिने बुटाच्या सोलला तळहात लावला. “समजा, गाडीसमोर पोर आलंय. दाबा ब्रेक.” त्याने सगळं बळ एकवटून पाय दाबला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. “दाबला की नाही?” “अहो, माझा हात जागचा हललासुद्धा नाही.” “पुन्हा धर!” तिने धरला. पाय नुसता थरथरला. शेवटी खिशातली बसची किल्ली काढून त्याने त्याच तळहातावर ठेवली.