सासूबाईंचं मशीन

तिसऱ्या तडाख्याला खिडकीची काच फुटली आणि अख्खं वादळ मधल्या खोलीत घुसलं. सुनेनं दिवाणावरची गादी ओढून खिडकीत कोंबली आणि ती तिला पाठ लावून उभी राहिली. तळहातात काचेचा तुकडा रुतला होता. तिनं तो दातांनी उपसून थुंकला.

"कपाट लाव तिथं," सासूबाई कॉटवरून म्हणाल्या. नाकात नळी, छाती भात्यासारखी वरखाली; पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नव्हती.

"एकटीनं?"

"मग काय, मी येऊ?"

कपाट करकरत एकदाचं खिडकीला लागलं. बाहेर कुणाचा तरी पत्रा रस्त्यावरून आपटत गेला. मग झाड कोसळलं, आणि त्याच्याखाली कुंपणाची भिंत आडवी झाली.

सकाळी सातला वीज गेली तेव्हाच सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं. सुनेनं त्यांना सिलिंडर लावला होता. तो सात तास पुरेल, आठ म्हणजे डोक्यावरून पाणी, असं दुकानदारानं बजावलं होतं. आता दोन वाजत आले होते आणि काटा लाल पट्टीत शिरला होता.

घरचा वायरमन असून घरात अंधार, यावर सासूबाईंनी सकाळपासून तीनदा तोंडसुख घेतलं होतं. त्यांच्या लेकाला वीज कंपनीनं पहाटेच नदीपलीकडच्या पाण्याच्या पंपावर धाडलं होतं. साडेआठला त्याचा फोन आला.

"पुलावर पाणी आलंय. उद्यापर्यंत काही मी येत नाही. आईला जप."

"आणि सिलिंडर संपला तर?"

"मागे जनरेटर आहे. पण तो लावताना..."

"लावीन मी. तुम्हाला लावताना काय कमी वेळा पाहिलंय?"

तो हसला असावा. पुढे काही म्हणालाही असेल, पण तेवढ्यात रेंज गेली आणि गेली ती गेलीच.

अडीचच्या सुमाराला वारा पडला. पाऊस मात्र धो धो चालूच होता. सुनेनं सिलिंडरवर टिचकी मारली. काटा शून्यावर टेकला होता.

"अगं, काही येत नाही यातून," सासूबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता.

सून मागच्या पडवीत धावली. जनरेटर नवऱ्यानं भंगारातून उचलून ठाकठीक केला होता. त्याची वायरही त्यानंच बनवली होती, दोन्ही टोकांना पिना असलेली. एक टोक जनरेटरला आणि दुसरं स्वयंपाकघरातल्या प्लगला लावलं, की घरभर उजेड. असली वायर दुकानात मिळत नाही, असं तो मिशीत हसत सांगायचा. तिनं ते सगळं ओट्याशी उभं राहून पाहिलं होतं. तो पुढच्या दारातून हात पुसत आत यायचा, चहा टाक म्हणायचा, पिना खोचायचा आणि दोरी ओढायचा.

तिनं पिना खोचल्या. दोरी ओढली. जनरेटर खोकला आणि गप्प झाला.

पुन्हा ओढली. तळहाताची जखम फाटली, दोरी रक्तानं बुळबुळीत झाली. आतून सासूबाईंचा घुसमटलेला आवाज येत होता. सात वर्षं या बाईनं तिला धारेवर धरलं होतं. आजारपणात मात्र रात्र रात्र उशाशी बसून तिचं डोकंही दाबलं होतं. ती अशी डोळ्यांदेखत जाणार?

"मेल्या, पेट ना!" तिनं जनरेटरला लाथ घातली, दोरी मनगटाला गुंडाळली आणि सगळ्या अंगानं मागे झोकून दिलं.

जनरेटर धडधडला. घरातले दिवे लागले. मशीननं शिट्टी मारली आणि घरघर सुरू केली.

ती आत आली तेव्हा सासूबाईंचे ओठ निळे पडले होते. तिनं नळी बदलली, त्यांची पाठ चोळली. हळूहळू चेहऱ्यावर रंग परतला. समोरच्या बंद घराच्या ओसरीतला दिवाही मिणमिणू लागला होता.

"लाइट आली वाटतं," सासूबाई पुटपुटल्या. "माझ्या लेकाचंच काम."

सून रडता रडता हसली. लाइट आली असली, तरी जनरेटर बंद करायचा धीर तिला होईना.

दहा मिनिटंही झाली नसतील, तोच पुढच्या दारावर लाथा बसू लागल्या. कडी उचकटली. पिवळ्या रेनकोटातले दोन अनोळखी पुरुष आत घुसले. एकानं तिला खांद्याला धरून भिंतीवर आदळलं.

"जनरेटर कुठाय? बोल, कुठाय?"

दुसरा आवाजाच्या रोखानं मागे पळाला. त्यानं वायर हिसकली, ठिणग्या उडाल्या. घर काळोखात बुडालं आणि मशीन पुन्हा किंचाळू लागलं.

"आईंचा श्वास आहे त्याच्यावर!" ती पहिल्याच्या अंगावर धावली. नखांनी त्याचा गाल ओरबाडला. "लावा परत! आत्ताच्या आत्ता लावा!"

त्यानं तिचे हात पकडले. "मेन स्विच न पाडता लावलाय, बाई! तुमचा करंट उलटा बाहेर खांबावर गेला! लाइन बंद आहे हे तपासून आमचा माणूस वर चढला होता. चिकटला तिथंच. जळून गेला."

तिचे हात आपोआप खाली आले. "मला... मला नव्हतं माहीत."

दुसरा मागून आला आणि ओल्या फरशीवर मटकन बसला. "आम्ही बाहेरगावचे लाइनमन. आम्हाला आधी कुठलीही लाइन जोडायला चालली असती," तो म्हणाला. "तो इथला होता. छातीभर पाण्यातून पूल पार करून आला आणि आमच्या पायाच पडला, पहिली हीच गल्ली घ्या म्हणून. म्हणाला, आई मशीनवर आहे."