डब्यातली भाजी

पुनमनं बझर सगळ्यांच्या आधी दाबला आणि उत्तर चुकीचं दिलं.

“डब्यातली भाजी,” ती म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. वसमतच्या त्या पोषण प्रश्नमंजूषेचा हा शेवटचा प्रश्न होता. दोन कॉलेजं बरोबरीत होती आणि जिंकेल ते हिंगोलीला जिल्ह्याच्या फेरीला जाणार होतं. बारावीतल्या पुनमनं त्यासाठी दोन महिने जीव तोडून अभ्यास केला होता. तिच्या भागवत सरांनी कपाळाला हात लावला.

प्रश्न तर किती सोपा. कार्डावर ‘डबाबंद भाज्या’ असं छापलेलं होतं. मागं बसलेल्या गावाकडच्या माणसांनाही कळावं म्हणून परीक्षक बाईंनी तो आणखी सोपा केला. “सांगा, सत्त्व कशात जास्त? ताज्या फळांत, की डब्यातल्या भाजीत?” सोपं करून सांगायची हौस कधी कधी अशी अंगाशी येते.

सरांनी हेच तर शिकवलं होतं. वाटाण्याचा टिनचा डबा आणून टेबलावर ठेवला होता. टिनमध्ये भरताना भाजी उकळतात, ‘क’ जीवनसत्त्व बरंचसं उडून जातं, वर मीठ पडतं. ताज्या पेरूपुढे तिचा काही टिकाव लागत नाही. हा तक्ता वर्गात सगळ्यात नीट काढला होता तो पुनमनंच.

“नीट विचार कर बाळा,” परीक्षक बाई म्हणाल्या. पोरगी त्यांनाही आवडली होती.

“न्हाई मॅडम. डब्यातलीच.”

मागच्या रांगेत तिची आई बसली होती, शकुबाई. औंढ्याकडच्या गावाहून पुनमचा डबा दीड वर्ष रोज सकाळच्या एसटीनं येत होता. शकुबाई चारला उठायची, भाकरी थापायची, वांगं नाहीतर अंबाडी करायची आणि डबा कंडक्टरच्या हवाली करायची. संध्याकाळी फोनवर तिचं एकच, “फळं पाठवणं काही होऊन न्हाई राहिलं, बाई.” या डब्यावर आपण शिकतोय, हे पुनमला रोज पहिल्या घासाला जाणवायचं. आईला ते कधी सांगता मात्र आलं नव्हतं. आज तालुक्याची शेवटची फेरी म्हणून डब्यासोबत शकुबाई स्वतःच आली होती. घासून लख्ख केलेला डबा तिनं सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला होता.

ढाल दुसऱ्या कॉलेजला गेली.

बाहेर कडुलिंबाखाली शकुबाईनं डबा उघडला. सरांच्या हातावरही अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली.

“लोक काहून हसले गं?” तिनं विचारलं.

“त्यायला गावाकडून डबा येत नसंल,” पुनम म्हणाली.

शकुबाईचा चेहरा खुलला. ती बाटली घेऊन नळाकडं गेली. सरांना आता राहवेना.

“पुनम, तुला प्रश्न कळला नव्हता का?”

“कळला होता सर.”

“मग?”

पुनमनं नळावरच्या आईकडं पाहिलं.

“मॅडमनी प्रश्न विचारला, अन् आईनं डबा पदराखाली झाकला.”