जिवाची यातायात

नवरा गेल्यापासून देवासच्या दुर्गाअक्कांना अन्न गोड लागत नव्हतं, अंथरुणातून उठवत नव्हतं. सून रुची त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. "जिवाची फार यातायात होते रे," अक्का म्हणाल्या.

काँप्युटरवर नोंदी करणारा पीयूष आडनावाने मराठी, शाळेने हिंदी. "यातायात म्हणजे ट्रॅफिक ना, अक्का?" अक्कांना नाही म्हणण्याचंसुद्धा त्राण नव्हतं. त्याने तक्रारीच्या रकान्यात ठोकून दिलं, ट्रॅफिक. आमच्याकडच्या सगळ्याच म्हाताऱ्या असं बोलतात, म्हणून सगळ्यांच्या नावापुढे तेच.

मग राजधानीतल्या विद्वानांची टोळी उदासीचा अभ्यास करायला बसली. एकाही माणसाचं तोंड न बघता त्यांनी दोन लाख नोंदी चाळल्या आणि छातीठोकपणे छापलं, की देवासच्या मराठी घरांत उदासी औषधालासुद्धा नाही, त्यांना छळतो तो ट्रॅफिक. वर शालजोडीही मिळवली. टेकडीवरच्या देवीची शपथ, यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

काल अक्का पुन्हा दवाखान्यात गेल्या. "जगावंसंच वाटत नाही रे," म्हणाल्या.



पीयूष वैतागला, "अब क्या, अक्का? तुमच्या गल्लीत सिग्नल तर लावून दिला ना!"