न दिसणारी आग

द्रव हायड्रोजनवर चालणारं मालवाहू जहाज जयगडला लागलं, तेव्हा नंदन आपल्या मेलेल्या मित्राच्या आईला डेकवर घेऊन गेला.

“इथंच, काकी.”

द्रौपदीकाकींनी कठड्यावरून बोट फिरवलं. कुठं काजळीचा डागसुद्धा नव्हता.

“एवढी आग उमेशला दिसली कशी नाही?”

“या इंधनाची ज्योत उन्हात दिसतच नाही. म्हणून गळतीचा भोंगा वाजला की आम्ही खराटा पुढे धरून चालतो. खराटा पेटला की थांबायचं.”

“त्याच्याकडे नव्हता खराटा?”

“होता. पण मी टाकीजवळ पडलो होतो. तो खराटा टाकून मला उचलायला धावला.”

काकींनी नंदनचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटसुलट करून पाहिले.

“तुला कुठं भाजलं नाही ना रे?”