तळ्याभोवतीची वाट

अण्णा रोज सकाळी बागेतल्या तळ्याला फेऱ्या मारायचे, म्हणून त्यांची राख त्याच वाटेवर पसरायची, असं दोघा भावंडांनी ठरवलं होतं. धाकट्याने डबा रिकामा केला. ताई काठाच्या बाकावर बसून पाहत होती.

"चल, झालं," तो म्हणाला.

"थांब जरा."

राखेत पावलं उमटली होती. उजवं स्वच्छ, डावं फरपटलेलं. ताई फिजिओथेरपिस्ट होती. पक्षाघातानंतर अण्णांना तिनेच पुन्हा चालायला शिकवलं होतं. ते पाऊल तिने हजारांत ओळखलं असतं.

"कोणीतरी गेलं असेल," भाऊ म्हणाला. वाटेवर चिटपाखरूही नव्हतं.

तिला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. तिने घड्याळ पाहिलं. अण्णांना एका फेरीला नऊ मिनिटं लागायची. बरोबर नवव्या मिनिटाला पावलांची दुसरी ओळ उमटली.

"अजून एक फेरी बघू या," ती हळूच म्हणाली.

पुन्हा नऊ मिनिटं गेली. या खेपेला डावं पाऊल फारसं फरपटलं नव्हतं, कारण कोणीतरी त्यांना आधार देत होतं. शेजारी बायकी चपलांचे ठसे होते, टाचेला झिजलेले.

ताई बाकावरून उठलीच नव्हती. तिने पाय उचलून पाहिले. चपलांचे तळ राखेने पांढरे झाले होते.