तंबूमागचे ठसे

"सांगून कुणाला पटणार नाय," बुधाआबांनी ओट्यावरच्या मंडळींना आधीच बजावलं, "पण त्या पिक्चरमधला चोर मी बदलला."

पेठजवळच्या माळावर इंग्रजांच्या काळातल्या एका खुनाचं शूटिंग चाललं होतं. कलेक्टरला मारून तिजोरी पळवणारा डोंगरातला आदिवासी, त्याला फासावर चढवणारा गोरागोमटा अंमलदार. आदिवासी म्हणून आबांना निवडलं होतं, आणि तेही पुरेसे काळे दिसेनात म्हणून तोंडाला वरून काजळी फासली होती.

"दोर बांधायला आले तसा मी अडून बसलो. म्हटलं, साहेब, आमच्यात माग काढल्याबिगर कुणाला चोर म्हणत नाय. आधी कलेक्टरच्या तंबूमागं बघा. बघतात तर काय, तंबूपासून थेट नदीपर्यंत बुटांचे ठसे. म्हटलं, त्या काळी आमच्या अख्ख्या पाड्यात बूट होते कुणाकडं? बूट तुमच्या अंमलदाराच्या पायात. डायरेक्टर मटकन खाली बसला. आता फासावर अंमलदार जातो, अन् माग काढणारा मी."

"पण ते ठसे तिथं आले कुठून?" बायकोनं, फुलाबाईनं विचारलं.

आबांना हा प्रश्न नको होता. "डोंगराचा देव उतरला असंल," ते म्हणाले.

वनखात्यात गार्ड असलेला नातू हिरामण पायरीवर बसून ड्यूटीचे बूट काढत होता. त्याचा हात थांबला.

"खोटं, आबा. सोमवारी लग्नाला घालतो म्हणून माझे बूट तुम्हीच नेले होते, अन् आणले ते नदीच्या चिखलानं माखून."